मेजरचं वय

दवाखान्यातलं आयोडीन संपायचं, पट्ट्या संपायच्या, मागणी करूनही महिना महिना यायच्या नाहीत. किस्से मात्र न मागता यायचे. नव्वद सालानंतर मी रहिमतपूरला जनावरांच्या दवाखान्यात परिचर होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर बरं, म्हणून केसपेपर लिहायचं काम माझ्याकडं.

त्यातला वयाचा रकाना मोठा त्रासाचा. आमच्याकडं जनावराचं वय दातांवर सांगतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती. पक्का दात एकही आला नसेल तर ते 'आदत', म्हणजे अगदी कोवळं. आमचे डॉक्टरसाहेब सांगलीचे, शिस्तीचे. म्हणायचे, "नाना, वय वर्षांत लिहायचं. हा बैलबाजार नाही."

*

म्हशी-शेळ्यांच्या गर्दीत फौजेतले एक पेन्शनर हवालदार आपला म्हातारा कुत्रा घेऊन यायचे. सायकलच्या कॅरिअरला वेताची पाटी बांधलेली, पाटीत पोतं, पोत्यावर कुत्रा. पहिल्या दिवशी मी कुत्र्याचं नाव विचारलं.

"मेजर."

वय विचारलं. चौदा वर्सं म्हणाले. मला राहवलं नाही. म्हटलं, आवं, हवालदाराच्या घरात मेजर?

"वीस वर्सं मेजरसायबांचं ऐकलं. म्हनलं, एक तरी मेजर आपलं ऐकंल." मग पाटीकडं बघून म्हणाले, "पर ह्योबी ऐकत न्हाई."

*

पुढं मेजरला मोतीबिंदू झाला. साहेबांनी समजावलं, दिसत नसलं तरी घर त्याला पाठ आहे, फक्त सामान हलवू नका. हवालदारांनी तो हुकूमच मानला. कॉट, पाटा, पाण्याचं पिंप, सगळं जागच्या जागी. मुलगा कुपवाडच्या कारखान्यात होता. त्यानं दिवाळीला टीव्हीसाठी लोखंडी कपाट पाठवलं, ते सोप्यात बांधलेलंच पडून राहिलं.

हवालदारांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या, "माजं गुडघं दुखत्यात, पिंप जरा अलीकडं घ्या म्हनून पाच वर्सं सांगतीया. आता कुत्र्यामुळं कायमचंच मिटलं."

*

त्याच थंडीत साहेबांनी मेजरच्या मागच्या पायांना शेक द्यायला सांगितला. काकू तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून गुडघे शेकायच्या. हवालदारांनी विचारलं, दोघांना एकच वीट चालेल का? साहेब म्हणाले, चालेल की. पण आधी कुणाला द्याल?

हवालदारांनी मेजरच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "घरी इचारून सांगतो."

*

रिटायर झालेल्या एक शिक्षिका होत्या. पक्क्या शाकाहारी. त्यांची पंधरा वर्षांची मांजर जेवेना. साहेब म्हणाले, म्हातारपणी हिला वास कमी येतो, अन्न कोमट करून, वास उठेल असं द्या.

बाईंनी माझ्याकडून सुकट मागवली. परसात वेगळी शेगडी मांडली, नाकाला पदर लावून सुकट गरम करू लागल्या. मांजर जेवायला लागली. आठ दिवसांनी भेटल्या, तेव्हा चेहरा उतरलेला. मी विचारलं, बरं नाही का?

"वास आल्याशिवाय ती जेवत नाही, आणि वास आला की मला जेवण जात नाही," बाई म्हणाल्या. "दोघींत एकीचं तरी पोट भरतंय, नाना."

*

एका सकाळी हवालदार इस्त्रीचा सदरा आणि फौजेतली टोपी घालून आले. मेजर पाटीत मान टाकून पडलेला.

"सायेब, चार दिस अन्नाला तोंड लावलं न्हाई. आता शेवटचं इंजेक्शन द्या. मी हितंच हाय."

साहेब पाटीवर वाकले. त्यांनी मेजरचं तोंड उघडलं, मी बॅटरी धरली. दाढ कुजून हिरडी सुजलेली. उरलेले दातही हलत होते. साहेब म्हणाले, हा वयानं नाही, दातदुखीनं उपाशी आहे. सगळे काढावे लागतील. पण एवढ्या वयात गुंगीचं औषध सोसेल की नाही, सांगता येत नाही.

हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. "करा."

दात निघाले. मेजर टेबलावर निपचित. हवालदार भिंतीशी ताठ उभे. कितीतरी वेळानं त्याच्या शेपटीचं टोक हललं, एकदाच. हवालदार होते तिथंच फरशीवर बसले. मीही बॅटरी विझवायची विसरलो होतो.

तिसऱ्या दिवशी तपासणीला आले. मेजरनं दूध-भाकरीचा काला खाऊन वर वाटी चाटली म्हणाले. पाटीतून मान वर काढून तो माझा हात हुंगत होता. मी नवा केसपेपर घेतला. नाव लिहिलं. वय विचारलं.

हवालदारांनी बाजारात बैलाचा बघतात तसा मेजरचा ओठ दोन बोटांनी वर केला. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"आदत," म्हणाले.

मी साहेबांकडं बघितलं. साहेब हात पुसत होते. मी तसंच लिहिलं. त्यांनी कागद घेतला, वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि खाली सही केली.