शिट्टी घालणारा सेट

घरी रेडिओ बांधणारे दोन हौशी भेटले की चहाच्या पहिल्या कपाला सर्किटची चर्चा होते आणि दुसऱ्या कपापासून किस्से सुरू होतात. किस्से लवकर साचतात, कारण आमचे सेटच तसे. त्यातले बहुतेक माझ्याकडे धुळ्याच्या एकाच माणसामुळे जमले: नाना. तारखात्यातून निवृत्त. कानाला तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टची इतकी सवय, की ती ऐकली नाही तर त्यांचा दिवस उजाडत नसे.

ऐंशीच्या दशकात लोक घरी टेपरेकॉर्डर आणत होते आणि आम्ही जळगावच्या भंगारवाल्याकडे जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह शोधत होतो. नानांचा सेट एकाच व्हॉल्व्हचा. आत आलेला सिग्नल पुन्हा त्याच व्हॉल्व्हमधून फिरवायचा, म्हणजे तो वाढतो. त्यासाठी एक बटण. हळूहळू पुढे नेलं की जपान ऐकू येतं. केसभर जास्त गेलं की सेट शिट्टी घालतो.

* * *

पहिल्याच भेटीत नानांनी हेडफोन पुढे केला. जुना, लष्करी. मी कानाला लावताना बोट त्याच्या उघड्या स्क्रूला लागलं आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. हातापासून खांद्यापर्यंत मुंग्या.

नाना शांतपणे म्हणाले, "जोरात बसला का?"

"जोरात म्हणजे! जीव गेला असता."

"मग व्होल्टेज बरोबर आहे. सकाळपासून मीटर शोधतोय."

* * *

या सेटला माणूस जवळ आला तरी चालत नाही. हात हलला की स्टेशन सरकतं. एकदा अगदी पुसट आवाज लागला होता. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि कपाटापाशी पोचताच आवाज खणखणीत झाला.

"अगं, तिथंच थांब. हलू नकोस."

अक्का थांबल्या. एक पाऊल पुढे आल्या की स्टेशन गायब, मागे गेल्या की हजर. शेवटी त्या म्हणाल्या, "हात भरून आले माझे. कोण बोलतोय तो?"

"जपानचा आहे."

"त्याला सांगा, पोहे गार होताहेत."

* * *

नानांचं बघून मीही तसाच सेट बांधला. माझं घर पलीकडच्या गल्लीत. त्यानंतर संध्याकाळी दोघांनाही एक विचित्र स्टेशन ऐकू येऊ लागलं. बोलणं नाही, खूण नाही, नुसता एकसुरी आवाज. नानांचा अंदाज, अरबी समुद्रातलं जहाज असावं. आम्ही त्याच्यासाठी कान लावून बसायचो.

एके दिवशी माझ्या घरचा फ्यूज उडाला. मी मेणबत्ती शोधतोय तोवर नाना दारात.

"तुमची लाइट गेली का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"जहाज बुडालं आत्ताच."

तेव्हा उलगडा झाला. ऐकण्यासाठी बांधलेला सेट शिट्टी घालायला लागला की एरियलवरून चक्क प्रक्षेपण करतो. इतके दिवस ते माझी शिट्टी ऐकत होते आणि मी त्यांची.

* * *

ती शिट्टी आणखी एक जण ऐकत होता. नानांच्या शेजारचे आबा. त्यांच्या बातम्या शॉर्टवेव्हवर, आमच्या पट्ट्याला खेटून. ते ओट्यावरून अहिराणीत ओरडायचे, "नाना, तुमना डबा बंद करा! बठ्ठ्या बातम्यास्मा शिट्टी वाजी राहिनी. एक दिन ती तार कापी टाकसू."

नाना बटण मागे घ्यायचे. पण मागे घेतलं की दूरचं काही ऐकू यायचं नाही. एरियलची तार गेली तर नानांकडे उरणार काय, हे अक्कांना माहीत होतं. त्या आबांकडे गुपचूप लोणचं पोचवायच्या.

* * *

भर उन्हाळा. अक्का जामनेरला बहिणीकडे गेलेल्या. दुपारची वेळ, सगळ्या गल्लीची दारं बंद, घरोघर कूलरची घरघर. आबांनी बातम्या लावल्या आणि शिट्टी सुरू. पण आज सलग नाही, तुटक. थांबे, वाजे, पुन्हा थांबे. आबांना वाटलं, नाना मुद्दाम चिडवताहेत. ते पक्कड घेऊन निघाले.

नानांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत नाना स्टुलावरून पडलेले, पाय भलत्याच बाजूला वळलेला. हाका मारून घसा बसला होता. एक हात कसाबसा एरियलच्या तारेपर्यंत पोचत होता. बोट लावलं की शिट्टी थांबे, काढलं की वाजे. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड: तारखात्याच्या भाषेत 'वाचवा'.

आबांच्या हातातली पक्कड बघून नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाय मोडला तो मोडला. तार राहू द्या."

प्लास्टर घालून नाना घरी आले. पलंग आतल्या खोलीत, सेट बाहेर, बंद. मी भेटायला गेलो होतो, तेवढ्यात आबा आले.

"डबा बिघडना का?"

"नाही. बंदच ठेवलाय. तुम्हाला त्रास नको."

आबा बाहेर गेले, टेबल सेटसकट ओढत पलंगापाशी आणलं, एरियलची तार खिडकीतून आत घेतली आणि प्लग लावला.

"बातम्यास्ना टाइमले रोज एकदाव शिट्टी वाजाडत जा," ते म्हणाले. "नही वाजनी, ते मी पक्कड लईसन येसू."