सात मोहांचा अर्ज

माझी भाषा फार सुंदर आहे, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्या सुंदर भाषेवर मला सरकारी नोकरी लागली, आणि ती कशी लागली हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर रनाळ्याचं. घरात, शेतात, ओट्यावर सगळी अहिराणी. शाळेत मात्र ‘शे’ म्हटलं की तळहातावर छडी आणि ‘आहे’ म्हटलं की शाबासकी. मी मार खाणाऱ्यांतला नव्हतो. सहा महिन्यांत असा ‘आहे आहे’ करू लागलो की घरीही आईशी तसंच बोलायचो. ती माझ्याकडे बघत राहायची आणि मग भाकरी थापायला वळायची. मला वाटायचं, तिला माझं कौतुक वाटतंय.

सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झाल्यावर नोकरी मिळेना, म्हणून मी तालुक्याच्या कचेरीसमोर चिंचेखाली पोतं टाकून बसलो. तिथे आधीपासून एक म्हातारे अर्जनवीस होते. धंदा त्यांनीच शिकवला. ते सांगायचे, अर्जदार बोलेल ते लिहायचं नसतं. साहेबाला ऐकायचं असेल ते लिहायचं. हक्क हा शब्द कागदावर आला की साहेबाच्या कपाळावर आठी पडते, आणि अर्जदार पाया पडला की सही होते. म्हणून प्रत्येक अर्जात अर्जदार गरीब, अडाणी आणि चुकलेला. एवढं आधीच लिहून ठेवायचं, मग नाव, गाव आणि मागणं तेवढं भरायचं. परत वाचून दाखवायची पद्धत नव्हती. ऐकणाऱ्याला कळणार थोडंच, असं आम्ही म्हणायचो.

तीस सालानंतरची गोष्ट. बाजाराच्या दिवशी धडगावकडचा एक माणूस माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. दोन दिवस डोंगर उतरून आला होता. घरी त्याची बोली वेगळी. माझ्याशी तो बाजारात शिकलेली अहिराणी बोलला. जंगलखात्याने नवी हद्द आखली होती आणि त्याची मोहाची सात झाडं हद्दीच्या आत गेली होती. चैत्रात फुलं वेचायला गेला तेव्हा रखवालदाराने टोपली हिसकावून घेतली. ती फुलं वाळवून, शिजवून त्याचं घर पावसाळ्यातले दोन महिने काढायचं. सात झाडं गेली तर घरातल्या नऊ माणसांनी ते दोन महिने काय खायचं, एवढाच प्रश्न होता.

पण तो सुरुवात तिथून करीना. त्याच्या लोकांत पंचापुढे बोलायची एक रीत आहे. झाडाबद्दल बोलायचं तर ते झाड पहिल्यांदा कुणाच्या हाताखाली आलं तिथून सुरुवात करायची आणि एकही माणूस गाळायचा नाही. गाळला तर बोलणं खोटं धरतात. तो एकेक झाड घेऊन बसला. हे आजाने राखलं. हे बापाला वाटणीत आलं. हे वाकडं बहिणीला लग्नात दिलं होतं, ती वारली तेव्हा तिच्या सासरच्यांनी परत केलं. या दोघांच्या मधून शेजाऱ्याची शीव जाते, त्यावरून एकदा पंच बसले होते, त्यातले दोन म्हातारे अजून जिवंत आहेत, बोलवा म्हणजे येतील.

“हाई सम्दं लिख, भाऊ. काही सोडू नको,” तो म्हणाला.

“लिखस, लिखस,” मी म्हणालो. खरं तर मी वैतागलो होतो. मागे चार माणसं खोळंबली होती आणि हा माणूस आजाच्या पुढे सरकेना. पण त्या दिवशी माझा हात चांगला चालत होता, हेही खरं. बाराखडी न शिकलेल्या माणसाची गोष्ट मला माझ्या मराठीत बसवायची होती. मी त्याचा आजा गाळला, बाप गाळला, बहीण गाळली, पंच गाळले. त्यांच्या जागी मी लिहिलं की, अर्जदार हा रानावनात वाढलेला अजाण जीव असून, कायद्याच्या अज्ञानामुळे सरकारच्या झाडांची फुले चोरून नेण्याचा अपराध त्याच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे. तरी मायबाप सरकारने लेकराचे अपराध पोटात घालून फुले वेचू देण्याची मेहेरबानी करावी.

‘पिढ्यान्‌पिढ्या’ हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. त्याला वाटत होतं, इतका वेळ लिहितोय म्हणजे सगळं येतंय. त्याने अंगठा दिला, मी कागद आत दिला आणि निकालासाठी त्याला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी मला आत बोलावलं. मामलेदार पुण्याकडचे, वाचनाची आवड असलेले. त्यांनी अर्ज हातात धरून विचारलं, “हा तुम्ही लिहिलात? या भागात इतकी शुद्ध मराठी मी पहिल्यांदाच वाचली.” कारकुनाची एक जागा रिकामी होती. पुढच्या सोमवारपासून या, म्हणाले. माझे पाय जमिनीवर ठरेनात. निघता निघता मी अर्जाचं काय झालं ते विचारलं. त्यांनी हुकूम माझ्यापुढे सरकवला. अर्जदाराने जुन्या वहिवाटीचा कोणताही पुरावा दिलेला नाही. उलट पिढ्यान्‌पिढ्या चोरी केल्याचे तो स्वतःच कबूल करतो. सबब अर्ज नामंजूर.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागदावर होतं तेच त्यांनी वाचलं होतं. पुरावा चिंचेखाली तासभर माझ्या कानाशी बोलत बसला होता. मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. साहेब, माझी चूक झाली, माणूस बाहेर आहे, त्याला विचारा, एवढी तीन वाक्यं. ती मला शुद्ध मराठीतही येत होती. पण मग सोमवारचं काय झालं असतं? मी हात जोडून बाहेर आलो.

तो पायरीवर बसला होता. “काय व्हयनं?” त्याने विचारलं.

“नही म्हने साहेब.”

“काबरं? दोन्ही म्हातारासले बलावं नही का त्यानी?”

“सरकारनी मर्जी,” मी म्हणालो.

कमरेच्या फडक्यातून पसाभर वाळलेली फुलं काढून त्याने माझ्यापुढे धरली. “तू तं सम्दं लिखं, भाऊ,” तो म्हणाला, “तुन्हा काय दोष? मन्हा भाऊनाबी पाच झाडं गयात. त्याले तुन्हाकडेच धाडसू.”

मी ती फुलं घेतली. नको म्हणायची हिंमत झाली नाही. रस्त्यात एका गाईपुढे टाकली आणि घरी जाऊन नोकरीची बातमी दिली. आईने गूळ वाटला.

त्याचा धाकटा भाऊ आला तेव्हा मी आत टेबलाशी बसत होतो. तो चिंचेखाली मला शोधत फिरला असावा. शेवटी त्या म्हाताऱ्या अर्जनविसांनी त्याचा अर्ज लिहून दिला. ज्या अर्जावर आपल्या हाताखालच्या पोराला, म्हणजे मला, नोकरी लागली त्याची नक्कल त्यांनी जपून ठेवली होती. टपालातून तो कागद माझ्यापुढे आला. तोच अजाण जीव, तीच चोरी, तेच पोटात घातलेले अपराध. सातच्या जागी पाच, एवढाच फरक. खिडकीतून बघितलं तर तो बाहेर बसलेला दिसत होता. थोरल्यासारखाच उकिडवा.

साहेबांपुढे ठेवण्याआधी प्रत्येक अर्जावर कारकुनाने शेरा लिहायचा असतो. मी टाक दौतीत बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : अर्जदार स्वतःच चोरी कबूल करतो.