चोराला न मिळालेली मोटारसायकल

पांडेसऱ्यात आमच्या शेजाऱ्यांची मोटारसायकल दारातून चोरीला गेली आणि माझी अक्कल एकदम जागी झाली. हँडलच्या लॉकवर विसंबतात ती भोळी माणसं! मी म्हशीला शोभेल अशी जाड साखळी आणली, गल्लीत नुकत्याच रोवलेल्या लोखंडी खांबाला गाडी बांधली आणि चावी खिशात घालून आजारी मामांना बघायला धुळ्याला गेलो.

परत आलो तर तो खांब गणपतीच्या मांडवाचा निघाला. गाडीच्या मागे भिंत, पुढे फळ्यांचं स्टेज आणि स्टेजवर साक्षात बाप्पा. मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हणालो, "मूर्ती जरा सरकवा, गाडी काढतो. कामरेजला कामावर कसा जाऊ?"

त्यांनी कानाला हात लावले. "काका, बसवलेला गणपती हलवतात का? आता विसर्जनानंतरच."

"मग मांडव घालतानाच गाडी काढायची ना!"

"कटर लावला होता की. तुटली नाही. साखळी लई भारी आहे तुमची!"

एवढं कौतुक माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं. दोन रिक्षा बदलत मी कामरेज गाठू लागलो. आरतीला मात्र रोज सगळ्यात पुढे उभा राहायचो. लोकांना वाटलं, माझी भक्ती वाढली. बायको मात्र टाळ्या वाजवता वाजवता कानाशी पुटपुटली, "अहो, देवाकडे बघा. मूर्तीमागून डोकावणाऱ्या गाडीच्या आरशाकडे काय बघताय?"