खिळ्यावरचा आकडा

दक्षिण कोरियातल्या तोंगयोंगच्या धक्क्यावर कालवं फोडणाऱ्या बायकांच्या रांगेत बोकनाम सातवी. नोव्हेंबर लागला की पहाटेपासून उभं राहायचं, डाव्या हातात कालव, उजव्या हातात सुरी आणि कोपरापर्यंत रबरी मोजे. असल्या हातांनी फोन काही धरता येत नाही. म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या समोरच्या खिळ्याला टांगलेला असे. त्यावर एक आकडा आणि एक बाण. तो आकडा तिच्या लेकीचा, दाओनचा.

दाओन आठ वर्षांची. सहाव्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह निघाला. पहिलं वर्ष बोकनामने साखर तपासायला पोरीची बोटं टोचून काढलं. कोवळ्या बोटांची पार चाळण झाली. मग दंडावर नाण्याएवढा सेन्सर आला. दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, आईच्या फोनवर कळवतो, सत्तरच्या खाली गेली की कोकलतो. सासूबाई देवळात नवस बोलत. बोकनाम त्या यंत्रालाच हात जोडायची आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही.

त्या मंगळवारी परदेशी खरेदीदार तपासणीला येणार होते. मालकांनी सकाळीच बजावलं, "फोन सगळे कपाटात. एकही दिसता कामा नये."

बोकनाम मोजे काढू लागली. "मग मी घरी जाते, मालक."

"जा. पण उद्या इथे दुसरी उभी असेल."

रांगेतली पहिली जागा ओपसून मावशीची. वय चौऱ्याहत्तर, तोंड फटकळ. "घाल गं मोजे, दाओनच्या आई," ती खेकसली. "रोज त्या खिळ्याकडे बघून मान वाकडी झालीय तुझी. आज कालवांकडे बघ." आणि मालकांची पाठ वळताच तिने बोकनामचा फोन पिशवीसकट आपल्या जाड बंडीत कोंबला.

दहा वाजता पाहुणे शेडच्या मध्यावर आले आणि मावशीची बंडी कोकलली.

सगळ्या सुऱ्या थांबल्या. मावशीने फोन काढून बोकनामसमोर धरला. अठ्ठावन्न, बाण खाली. बोकनाम ओरडली, "बाईंना लाव!" शाळेतल्या बाईंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. तिसरा तास खेळाचा. सगळी मैदानात असणार, आणि धावलं की साखर आणखी उतरते.

"कुणाचा फोन आहे हा?" मालक लालबुंद.

"माझा," मावशीने ठोकून दिलं.

"बाहेर व्हा!"

"तेच करतेय की. वाट सोडा."

शाळा धक्क्यामागच्या चढावर, दहा मिनिटांवर. मावशी गमबुटांनिशी निघाली. बोकनामही धावली, पण शेजारणीने तिचा एप्रन घट्ट धरला. "ती पोचेल. तू जागा घालवलीस तर पुढचा सेन्सर कशातून आणशील?"

बोकनाम थांबली. थांबल्याबद्दल तिला स्वतःचा राग आला. फोन मावशीबरोबर गेला होता. वर्षभरात पहिल्यांदाच लेकीचा आकडा तिला माहीत नव्हता. हात चालत होते, पण तीन कालवं तिने शिंपल्यासकट टोपलीत टाकली. शेजारणीने गुपचूप बाहेर काढली.

पाऊण तासाने दारातून आवाज आला.

"एकशे चार! बाण वर!"

पाहुणे दचकले. मावशी धापा टाकत होती, पण तिला गप्प करणार कोण? "मधुमेह म्हणून मी अक्कल लावून दुकानातून बिनसाखरेचं सरबत नेलं! पोरगी घामाने चिंब, हात थरथरतायत, तरी मला हसली. म्हणते, आजी, यात साखरच नाहीये. शेवटी बंडीतल्या खोकल्याच्या गोळ्या चारल्या, तोवर बाई रस घेऊन आल्या. आता वर्गात बसलीय, आणि सांगते कशी, आजी, तुला कालवांचा वास येतो!"

रांग खो खो हसली. बोकनाम मात्र रडत होती. आजही तिने यंत्राचे उपकार मानले, पण ती वाकली मावशीपुढे, कंबरेतून, अगदी खाली.

"ऊठ गं," मावशी म्हणाली. "मान आधीच वाकडी आहे तुझी."

तिने फोन खिळ्याला टांगला आणि आपली सुरी उचलली. मालकांनी खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन तिथेच राहू देऊन ते पाहुण्यांना पुढे घेऊन गेले.