गिरगाव ते शिवडी, व्हाया एकशे पाच डिग्री

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर स्पितीला आलात, अंदमानला आलात, एकदा बंद पडलेल्या घाटरस्त्यावर तीन तास ताटकळलातही. आज गिरगावहून शिवडीला जायचं आहे. अंतर आठेक किलोमीटर, मला लागले दोन दिवस. हसू नका. स्पितीला जाताना मी इतकी घाबरले नव्हते.

कारण सांगते. आमचं गाव संगमेश्वरकडचं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि ती येते तेव्हा दार उघडं हवं, उंबऱ्यात घरचं माणूस हवं. गेल्या वर्षी घाटातल्या ट्रॅफिकमध्ये आमची गाडी तापली, बॉनेटखालून वाफा निघाल्या आणि आम्ही पाच तास रस्त्याच्या कडेला बसलो. तिकडे पालखी आमच्या अंगणात आली, दाराला कुलूप बघून थोडा वेळ थांबली आणि पुढे गेली. आमच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. गाडी मी चालवत होते.

माझे वडील, अण्णा, मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलायला सबंध वाडी होती. 'पोरीने क्लच दाबून दाबून गाडी तापवली' हे वाक्य मी एका लग्नात, दोन बारशांत आणि एका दहाव्यालासुद्धा ऐकलं. वर्षभरात अण्णांनी पाण्याचा पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रबरी पाइप बदलले. मुंबईत गाडी पुन्हा कधी तापली नाही, त्यामुळे दोष माझ्या पायातच आहे यावर शिक्कामोर्तब झालं. यंदा अण्णा फोनवर म्हणाले, "आपण एसटीने जाऊया गो बाय." इतक्या हळू आवाजात म्हणाले की फोन ठेवल्यावर मी रडले.

आमच्या बारा वर्षांच्या गाडीला तापमानाचा काटा नाही. एक लाल दिवा आहे, तो लागेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून मी ठरवलं की इंजिनाचं तापमान आकड्यात दाखवणारं गेज बसवायचं, गाडी नीट चालवून बघायची आणि दोष कुणाचा ते एकदाचं कळून घ्यायचं. माझा निघाला तर मान खाली घालून एसटीचं तिकीट काढायचं. शिमग्याला दहा दिवस उरले होते.

शनिवार, पहिला मुक्काम लॅमिंग्टन रोड. गिरगावातल्या माझ्या सासरच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं, वाटेत पोहे खाल्लेत तर पंचवीस. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, अर्धी शटरं खाली असतात, आणि एकनंतर जाऊ नका, दुकानदार डबा उघडतात. मला हवा तो दुकानदार चौथ्या दुकानात भेटला. मी गेज मागितलं तर त्याने आधी गाडीचं साल विचारलं.

"स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असणार बघा, मेकॅनिक लोक मशीन लावतात ते. तिथेच हे घुसवायचं. वायर कापायची नाय, काय नाय."

"मग सोपं आहे."

"सोपं काय मॅडम, लोक घेऊन जातात आणि सॉकेट शोधत परत येतात. जाताना फोटो काढून आणा म्हटलं तर सीटचा फोटो आणतात."

मी मुकाट्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. तो सॉकेटचाच होता, हे बघून त्याची किंचित निराशा झाली.

त्याने तीन वस्तू मांडल्या. साडेसहाशेचा एक छोटा ठोकळा, जो सॉकेटमध्ये बसतो आणि आकडे मोबाइलवर पाठवतो. अठराशेचं गेज, ज्याला स्वतःचा स्क्रीन आणि लांब वायर. आणि दिसायला सर्वांत देखणं असं तिसरं, जे नुसतं उपग्रहावरून वेग सांगतं, इंजिनाबद्दल त्याला काडीची माहिती नसते. घेणार असाल तर ही चूक करू नका. मोबाइलवालं मी नाकारलं, कारण आमच्या घरात कुणीही प्रवासाला निघालं की दर दहा मिनिटांनी 'कुठे पोचलात'चा फोन येतो आणि नेमका घाटात स्क्रीनवर मावशीचा चेहरा येतो. स्क्रीनवालं घेतलं. आकडे मोठे हवेत, आणि ठरावीक तापमानाला शिटी वाजेल अशी सोय हवी, एवढं पाहिलं. नाही चाललं तर बदलून देईन, असं त्याने बिलावर लिहून दिलं.

तिथून बसने लालबाग. आईवडील तिथल्या चाळीत राहतात. मसाल्याचे दिवस असल्यामुळे बस स्टॉपवर उतरतानाच दोन शिंका आल्या. अण्णांनी खोका हातात घेतला, चष्म्यातून चारी बाजूंनी वाचला आणि परत दिला. शिवडीच्या एका गोदामात त्यांनी पस्तीस वर्षं ट्रक चालवला आहे. इंजिनाची तब्येत ते कानाने ओळखतात, निदान त्यांचं म्हणणं तसं आहे.

"बॉनेटवर हात ठेवला की मला कळतं. हे खेळणं कशाला?"

"गेल्या वर्षी हात कुठे ठेवला होता?" आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली.

रविवार, दुसरा मुक्काम शिवडी. चाळीत गाडी लावायला जागा नाही, म्हणून ती अण्णांच्या जुन्या गोदामाच्या आवारात, ओळखीवर उभी असते. अण्णा, आई आणि मी लालबागहून टॅक्सीने गेलो. पक्ष्यांची हौस असेल तर याच दिवसांत खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो दिसतात आणि हातभर लांब कॅमेरे घेतलेली माणसंही दिसतात. आम्ही तिघं मात्र गाडीत डोकी खुपसून बसलो होतो.

बसवायला वेळ लागत नाही. चावी बंद ठेवून सॉकेटमध्ये प्लग घट्ट बसवायचा. वायर पायांत येऊ न देता दाराच्या रबराखाली दाबत वर न्यायची, नाहीतर ब्रेकच्या पेडलमध्ये अडकेल. स्क्रीन उजव्या कोपऱ्यात चिकटवायचा. आमच्याकडे मधली जागा गणपतीची असल्यामुळे दुसरा पर्यायच नव्हता. मग चावी फिरवायची आणि गेजला गाडीशी बोलणी करायला मिनिटभर द्यायचं. ती मिनिटभराची शांतता अण्णांनी 'चालत नाय ते' असं चार वेळा म्हणून भरून काढली. मग आकडा आला. इंजिन गरम होत गेलं तसा तो चढत चढत एकशे नव्वदवर गेला.

"एकशे नव्वद? गाडी आहे की बंब? बंद कर, बंद कर."

गेज कारखान्यातून फॅरनहाइटवर येतं. बाजूचं बटण दाबून धरलं, सेल्सिअस केलं, तेव्हा अठ्ठ्याऐंशी दिसलं. ही सेटिंग घरातली मोठी माणसं गाडीत बसण्याआधी करावी, असा माझा सल्ला आहे. शिटीची मर्यादा एकशे पाचवर ठेवली.

पहिली फेरी शिवडी, परळच्या हॉस्पिटलांचा रस्ता, दादर टीटी आणि परत. क्लच मी असा वापरत होते जणू खाली अंडं ठेवलंय. आकडा नव्वद, ब्याण्णव. सिग्नलला सत्त्याण्णव झाला, पुढचा पंखा घुंऽऽ करून लागला आणि आकडा उतरला. दादरला आम्ही पियूष प्यायलो आणि मी साबुदाणावडाही खाल्ला, कारण माझी सुटका झाल्यासारखं मला वाटत होतं. अण्णांनी पाणी फिरवलं.

"ही काय टेस्ट नाय. गावाला जाताना गाडी रिकामी असते काय?"

म्हणणं बरोबर होतं. लालबागला येऊन आम्ही गावाला जाताना भरतो तशी गाडी भरली. तांदळाची गोणी, चिवड्याची पाकिटं, आईचा पाच किलो मसाला, जो कोकणातून आलेल्या बायकांनी मुंबईत कुटून परत कोकणात न्यायचा असतो. शेवटी अण्णांनी खोलीतून बॅनर आणला. आमच्या ग्रामस्थ मंडळाची गाडी आहे हे रस्त्याला कळावं म्हणून तो पुढे बांधतात. पूर्वी वीतभर कापडी पट्टी असायची. गेल्या वर्षी अण्णा अध्यक्ष झाले आणि फ्लेक्स आला. पालखीचं चित्र, मंडळाचं नाव आणि कोपऱ्यात हात जोडलेले, गाल भरलेले अण्णा. त्यांनी तो पुढच्या जाळीवर चारही कोपऱ्यांनी सुतळीने ताणून बांधला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला.

लालबागच्या पुलाखाली गर्दी होती. सत्त्याण्णव. पंखा लागला, आकडा उतरला नाही. शंभर. एकशे दोन. 

"क्लचवरचा पाय काढ," अण्णा म्हणाले.

"पाय क्लचवर नाहीये, अण्णा."

"मग गिअर खेचतेयस."

एकशे चार. मला घाट दिसायला लागला, ती वाफ, आईचं पदराने वारा घेणं, फोनवर कुणीतरी सांगत होतं की पालखी आमच्या अंगणात आहे. एकशे पाचला शिटी वाजली. मी गाडी परळला एका जुन्या गिरणीच्या भिंतीला लावली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकलं. एसटीने जाऊ, मी म्हणाले. माझाच दोष आहे, पुन्हा विचारणार नाही.

"इंजिन बंद करू नको, पंखा फिरूदे," अण्णा एवढंच म्हणाले.

मसाल्याने शिंकून हैराण झालेली आई तोवर खाली उतरली होती. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि बघतच राहिली.

"अहो, इकडे या. तुमची गालफडं बसली."

आम्ही दोघं उतरलो. आत पंखा फिरत होता आणि हवेसाठी तो फ्लेक्स आत ओढून घेत होता. बॅनर जाळीला घट्ट चिकटला होता आणि त्यावरचे अण्णा महिनाभर उपाशी असल्यासारखे दिसत होते. रेडिएटरला हवा म्हणून मिळत नव्हती. अण्णांनी सुतळी सोडली नाही, तोडली. बॅनर निघाला. मी आत जाऊन आकडा वाचत राहिले. एकशे दोन, अठ्ठ्याण्णव, त्र्याण्णव. पाच मिनिटं गेली नसतील.

मला खूप हसू येत होतं, पण अण्णांकडे बघून ते ओसरलं. ते बॅनरची घडी घालत होते आणि घडी नीट पडत नव्हती.

"घाटात तू म्हणाली होतीस," ते म्हणाले. "बॅनर फडफडतोय, काढू काय. दोनदा म्हणालीस. मी नको म्हटलं."

मी हे पार विसरून गेले होते. त्यांनाही आत्ताच आठवलं असावं. निदान मी तसं मानते. गाडी मी परत शिवडीला नेली. गेज ब्याण्णव दाखवत होतं.

शेवटचा मुक्काम डिलाईल रोड. तिथल्या एका चाळीत आमच्या गावकऱ्यांची खोली आहे. गिरणीत कामाला आलेली गावची माणसं एकेकाळी तिथे पाळीपाळीने झोपत, आता तिथे मंडळाच्या सभा होतात. संध्याकाळी शिमग्याची बैठक होती. बायका सहसा जात नाहीत, पण अण्णा "चल" म्हणाले आणि मी दाराशी, चपलांजवळ उभी राहिले. मंडळाचे सेक्रेटरी शांतारामकाका कोण कसं जाणार याची यादी करत होते.

"अध्यक्ष एसटीने ना? बरं केलंत. नायतर पोरगी पुन्हा गाडी तापवायची."

सगळे हसले. मीही सवयीने हसले. अण्णा उभे राहिले.

"गाडी पोरीने नाय तापवली. मी तापवली. माझा फोटो लावून रेडिएटर झाकला होता. ही काढ म्हणत होती, मी काढू दिला नाय. वर्षभर तुम्ही हिला बोललात आणि मी ऐकून घेतलं. पालखी माझ्यामुळे परत फिरली."

 अण्णांनी खिशातून गावच्या घराची किल्ली काढली आणि दाराशी येऊन माझ्या हातात दिली.

"यंदा गाडी हीच चालवणार. पालखीला दार हीच उघडणार."

शांतारामकाकांनी पेन खाली ठेवलं. "अहो अध्यक्ष, लग्न झालेली पोर. माहेरचं दार ती कशी उघडणार? तशी रीत नाय आपल्यात."

"वर्षभर शिव्या खाताना ती माहेरचीच होती ना," अण्णा म्हणाले.

 शांतारामकाकांनी पेन उचललं आणि यादीत आमच्या नावापुढचं एसटी खोडून गाडी लिहिलं.

घरी गिरगावात आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "बसलं का गेज?" बसलं, मी म्हणाले, आणि किल्ली टेबलावर ठेवली. तुम्ही गेज घ्यावं का, तर घ्या. जुन्या गाडीने घाट चढणार असाल तर जरूर घ्या, आणि त्याहून आधी गाडीच्या पुढे जाऊन उभे राहा आणि नीट बघा. माझ्यापुरतं सांगायचं तर वर्षभर मी मनातल्या मनात त्या कुलपासमोर उभी होते, पालखी वळताना बघत. अण्णांनी चारचौघांत मला तिथून हाताला धरून बाहेर आणलं. पालखी दुपारी येते. मी सकाळपासूनच दार उघडं ठेवणार आहे.