प्लगमधली वाळू

जपानमध्ये, त्सुकुबात आमच्या घराजवळ साठीच्या एका बाईंचं गॅरेज होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर काही वर्षांनी आम्ही एक जुनी एसयूव्ही घेतली. तिचा फोर-व्हील ड्राइव्ह कधी लागायचा, कधी नाही. मुलीला घेऊन बर्फातल्या घाटात जायचं होतं, म्हणून मी गाडी बाईंकडे नेली.

मला स्टिअरिंगवर बसवून त्या गाडीखाली शिरल्या. एकेक वायर हलवत विचारायच्या, "आता समोरचा फोर-व्हीलचा दिवा लागला?" माझ्या प्रत्येक उत्तराला खालून "हाय, हाय", म्हणजे जपानीत "हो, हो", म्हणायच्या. एका वायरपाशी दिवा लागला आणि लगेच विझला. त्यांनी तिचा प्लग उघडला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, त्यांच्यात बारीक वाळू अडकली होती.

बाई बाहेर आल्या. हातमोजे काढून, नमस्कार करावा तशा गाडीपुढे कमरेत वाकल्या.

"ही समुद्राच्या पाण्यात बुडालेली गाडी आहे," त्या म्हणाल्या. "त्सुनामीत."

माझे हात स्टिअरिंगवरून सुटले. मी बसले होते त्या सीटवर तेव्हा कोण होतं?

"आत कोणी असेल का?" मी कसंबसं विचारलं.

"माहीत नाही. माझ्या भावाची गाडी सापडली, तेव्हा तिच्या काचा बंद होत्या." त्यांनी आमच्या गाडीच्या काचेवर हात ठेवला. "हिच्या उघड्या होत्या, असं समजू या."

"दुरुस्त होईल?"

"होईल. पण खारं पाणी आतून खात राहतं; तुमच्या मुलीला मी हिच्यात बसू देणार नाही."

गाडी तिथेच सोडून मी चालत घरी आले. मुलगी जपानीत विचारत राहिली, आपली गाडी कुठे आहे? मला कुठल्याच भाषेत सांगता येईना.