कुमुदिनीची साफ नक्कल

माझ्या पहिल्याच कथेतली नायिका वर्धा नदीत उडी मारून मेली. पण आमच्या वडिलांनी ते मंजूर केलं नाही.

नायिकेचं मरण मंजूर-नामंजूर करण्याचा अधिकार वडिलांना कोणी दिला, असं तुम्ही विचाराल. मीच दिला! चांगला हातपाय धड असलेला, मॅट्रिक झालेला मी, आपण होऊन कथा त्यांच्या हवाली करून आलो.

गोष्ट अमरावतीची. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं आणि मी मात्र लेखक जवळजवळ झालोच होतो (फक्त काही छापून यायचं बाकी होतं). मॅट्रिक होऊन वर्ष उलटलं होतं. 'पोट्टा घरी बसून हाय,' असं माय शेजारणींना सांगायची. मी बसलेलो नव्हतो, तरंगत होतो! चहाचा कप तोंडाशी नेला की वाफेत एक मुलगी दिसायची. संध्याकाळी भातकुलीच्या रस्त्यानं फिरायला जावं, तर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वाटायचं, आभाळच जरा आडवं व्हायला खाली उतरलं आहे. मग मी एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून उसासे टाकायचो. एकदा शेताचा मालक धावत आला.

"कावून बाबू, पोटात दुखून राह्यलं का?"

आता याला काय सांगावं! मी आणखी एक उसासा टाकला. त्यानं बिचाऱ्यानं ओवा आणून दिला. मी तो खाल्ला.

आमचे बाबा अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात निंबाखाली सतरंजी, सतरंजीवर लाकडी पेटी आणि पेटीमागे बाबा. कोणाचा धुरा शेजाऱ्यानं कोरला, कोणाचा जावई पोरीला नांदवत नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन खेड्यापाड्यांतून लोक येत आणि बाबा त्यांचे अर्ज लिहून देत. अक्षर असं, की साहेबानं अर्ज फेटाळला तरी कागद जपून ठेवावा. आणि रुबाब तर विचारू नका! साहेबापेक्षा बाबांनाच लोक जास्त भ्यायचे. त्यांचं म्हणणं एकच होतं, की मी त्यांच्या बाजूला बसून हाच धंदा शिकावा. मला तर नुसत्या विचारानं ताप यायचा. ज्या बोटांनी चांदणं लिहायचं, त्या बोटांनी मी धुरे लिहू?

अशात वाचनालयात अकोल्याच्या एका मासिकाची जाहिरात वाचली. नवोदितांसाठी कथास्पर्धा! दोन विभाग, करुण आणि विनोदी. विनोदी विभागाकडे मी बघितलंही नाही. ज्यांना नीट रडता येत नाही त्यांनी विनोद करावा, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

त्याच आठवड्यात कथा तयार झाली. कौंडण्यपूरचा घाट, वैशाखातली पौर्णिमा, तीरावर एकटी कुमुदिनी. पलीकडून कोणा अनामिकाची बासरी ऐकू येते. तो दिसत नाही, भेटत नाही, नुसता वाजवतो. अखेर ती चंद्राला साक्ष ठेवून नदीत उडी घेते. लिहिता लिहिता मी इतका रडलो, की माय चूल सोडून आली.

"काय झालं रे?"

"माय, ती मेली गं!"

"कोण? नळावरची म्हातारी?"

घरात वातावरणच नव्हतं! पण माय मनाची मऊ. तिनं बसवून सगळी कथा ऐकली, डोळ्यांना पदर लावला आणि संध्याकाळी बाबांना गाठलं. "पोराले एक डाव पाहू द्या ना करून."

बाबांनी पान जुळवता जुळवता निकाल दिला. "ठीक हाय. बक्षीस आलं त लिव बाप्पा जिंदगीभर, मी चकार शब्द काढत नाई. नाई आलं, त सोमवारपासून माह्या बाजूले सतरंजीवर. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. माझं अख्खं आयुष्य आता कुमुदिनीच्या उडीवर अवलंबून होतं.

अडचण फक्त एक होती. स्पर्धेचा नियम होता, 'हस्तलिखित सुवाच्य असावे, अन्यथा विचार होणार नाही.' आणि माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. अमरावतीत सगळ्यांत सुवाच्य माणूस कोण? आमच्याच घरात पान जुळवत बसलेला! मी बाबांच्या पाया पडलो.

"साफ नक्कल करून द्याल?"

"बयाजवार करून देतो," बाबा म्हणाले. आणि त्यांनी ती दिली हो, अगदी बयाजवार, तपशीलवार!

रोज दुपारी मी डबा घेऊन कचेरीत जायचो. गिऱ्हाईक नसलं, की बाबा पेटीतून माझी कथा काढून नकलायचे आणि मधूनच चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे.

"ह्या पोरीच्या बापाचं नाव नाई लिवलं तू."

"बाबा, ती कोणाची मुलगी नाही. ती एक व्याकुळता आहे!"

"असू दे ना. पन वय?"

"अठरा वसंत."

"अन् हा बासरीवाला? राहते कोठी?"

"क्षितिजापलीकडे."

"म्हंजे नदीपल्याड, जिल्हा वर्धा," बाबा स्वतःशी पुटपुटले. मला वाटलं, म्हातारा कथेत रमला! माझं ऊर भरून आलं. निंबाची बारीक पिवळी पानं सतरंजीवर गळत होती. मी खोडाला टेकून डोळे मिटायचो आणि मला सभागृह दिसायचं, गळ्यात हार दिसायचा, दुसऱ्या रांगेत रडून रडून डोळे सुजलेल्या तरुण मुली दिसायच्या. त्या तंद्रीत बाबा काय विचारत आणि मी काय सांगत होतो, देवाला ठाऊक.

"उडी मारली तवा नदीले पानी किती होतं बे?"

"अथांग!"

"वैशाखात?"

ऐकतो कोण! तीन नंबरच्या मुलीचे अश्रू मी त्या वेळी पुसत होतो.

शेवटी बाबांनी कागद पाकिटात घातले, डिंक लावून ते चिकटवलं आणि स्वतः पोस्टात टाकून आले. त्याआधी मी नुसतं वरून 'करुण विभागासाठी' एवढं लिहिलं. आतलं वाचायचं काय? माझीच तर कथा होती!

आणि एके दिवशी कार्ड आलं! 'आपल्या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले आहे. समारंभात आपण ती स्वतः वाचून दाखवावी.' मी गल्लीत तीन चकरा मारल्या. मायनं देवापुढे साखर ठेवली. बाबांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "जिंकला बुवा तू." त्यांचा चेहरा जरा उतरला होता, तेव्हा मला ते दिसलंही नाही.

आम्ही तिघंही अकोल्याला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना मायनं मला पिशवी उघडून दाखवली. आत घरातले झाडून सगळे रुमाल होते.

"एवढे कशाला गं?"

"लोकं रडतीन ना रे. कोणापाशी नसला त देऊ."

मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. मी खिडकीशी वाऱ्यावर केस उडवत बसलो होतो. एरवी मी केसांना तेल लावायचो, पण त्या दिवशी मुद्दाम लावलं नव्हतं. प्रत्येक स्टेशनावर वाटायचं, लोक माझ्याचकडे बघताहेत. (बघत होतेच. एका बाईनं मायला विचारलं, पोराला कोणत्या डॉक्टरकडे नेता म्हणून.)

समारंभ जठारपेठेत एका शाळेच्या हॉलात होता. हॉल गच्च! दुसऱ्या रांगेत खरोखरच मुली होत्या. बाबा कोट-टोपी घालून पहिल्या रांगेत, शेजारी मांडीवर पिशवी घेऊन माय. संपादकांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि मी उभा राहिलो. कथा मला पाठ होती. मी डोळे मिटले, आवाज कापरा केला.

"चांदण्यानं न्हालेल्या त्या एकाकी तीरावर..."

संपादकांनी मागून सदरा ओढला. "अहो, हे काय? तुम्ही पाठवलीत ती वाचा ना!" आणि हातात कागद दिले. बाबांचं सुंदर अक्षर बघून मला धीर आला. तोच कापरा आवाज कायम ठेवून मी वाचायला लागलो.

"कुमारी कुमुदिनी, पित्याचे नाव सांगत नाही, वय अंदाजे अठरा वर्षे, धंदा घरकाम, मुक्काम मौजे कौंडण्यपूर, हिची हकीगत येणेप्रमाणे."

हॉलमध्ये खसखस पिकली. मी कागद डोळ्यांजवळ नेला. डोळे पुढे धावले, तर पुढे सगळं तसंच! तोंड मात्र थांबेना.

"सदर मुलीचे एका इसमावर प्रेम आहे. इसम अनामिक, वल्द नामालूम, राहणार जिल्हा वर्धा, धंदा बासरी वाजविणे. सदर बासरी त्याच्या मालकीची आहे किंवा कसे, याचा खुलासा लेखकास करता आला नाही."

हशा! दुसऱ्या रांगेतली एक मुलगी हसून हसून शेजारणीच्या खांद्यावर पडली. आता काय करावं? 'ही माझी कथा नव्हे' म्हणावं, तर बक्षीस गेलं आणि सोमवारी सतरंजी! वाचावं, तर अब्रू चाललीच होती. मी बाबांकडे पाहिलं. ते गंभीरपणे मान डोलावून 'पुढे चाल' अशी खूण करत होते. मी संतापानं लाल झालो आणि सगळा राग लोकांवर काढला.

"हसता काय? इथं एक मुलगी जीव द्यायला निघाली आहे!"

टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, हा अभिनय आहे. आता सुटका नव्हती. मी पान उलटलं आणि वाचत राहिलो.

"घटनेचे वेळी चंद्र मौक्यावर हजर होता. मुलीचे डोळ्यांतून अश्रू निघाले, नग दोन, अक्षरी दोन. पैकी एक नदीत पडला. दुसऱ्याचा तपास लागत नाही. त्यानंतर मुलीने नदीत उडी मारली असे लेखकाचे म्हणणे आहे. परंतु वैशाखात सदर जागी घोट्याएवढेच पाणी असते, हे सर्वांस माहीत आहे. चंद्राची साक्ष घेता येत नाही. पोलीस पाटलाकडे वर्दी नाही. सबब मुलीचे मरण शाबीत होत नसून ती हयात आहे असे समजावे. तरी मेहरबान वाचकांनी तिच्या दुःखाचा सहानुभूतीने विचार करावा. कळावे."

लोक बाकांवर लोळायचे बाकी राहिले होते. सबंध हॉलात एकच माणूस रडत होता, ती आमची माय. पिशवीतला पहिला रुमाल तिनंच काढला होता. "वाचली माय पोरगी, वाचली!" ती बाबांचा हात धरून म्हणत होती.

संपादकांनी डोळे पुसत मला मिठी मारली. "पाकिटावर 'करुण विभागासाठी' वाचलं, तिथूनच आम्ही हसायला लागलो! विनोदी विभागात तुमच्या जवळपास कोणी नाही. ही शैली कमावलीत कुठून?"

मी बोट करून बाबांना दाखवणार, तेवढ्यात तेच उठून उभे राहिले. "साहेब, मजकूर सारा पोराचा हाय. मी फक्त साफ नक्कल केली. जेथी नाव-गाव राह्यलं होतं, तेथी भरलं." आणि ते मनापासून बोलत होते हो! खोटं बोलणं त्यांना जमतच नसे.

परतीच्या गाडीत मी बाबांकडे पाठ करून बसलो. माझ्या कुमुदिनीला यांनी घोट्याएवढ्या पाण्यात उभं केलं होतं! मूर्तिजापूर गेल्यावर बाबाच म्हणाले, "तू कबूल केलं, मी कबूल केलं. आता तू लिव. तुले सतरंजीवर बसाची गरज नाई." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा मात्र मी त्यांच्याकडे वळलो. बाजूची जागा त्यांनी माझ्यासाठी किती वर्षं मोकळी ठेवली होती, ते मला पहिल्यांदा कळलं.

पण मी पडलो मान्यवर विनोदी लेखक! पुढल्या महिन्यात एकट्यानं विनोदी कथा लिहिली, घोटून घोटून सुवाच्य काढली आणि पाठवली. संपादकांचं उत्तर आलं, 'कथा वाचून कार्यालयात सर्वांचे मन उदास झाले. कोणी चहासुद्धा घेतला नाही.'

दुसऱ्या दिवशी मी डबा न घेताच कचेरीत गेलो आणि बाबांच्या बाजूला बसलो.

"अबे, तू त जिंकला होता ना!"

"हो."

"मंग कावून आला?"

"शिकायला."

बाबांनी सरकून मला पेटीजवळ घेतलं आणि समोर आलेलं पहिलंच गिऱ्हाईक माझ्याकडे वळवलं. वलगावकडचा एक शेतकरी होता, त्याची म्हैस चोरीला गेली होती. तो सांगत होता आणि माझी पुन्हा तंद्री लागली. सुना गोठा, रिकामी दावण, तिचे ते टपोरे ओले डोळे! घोटून घोटून सुवाच्य झालेल्या अक्षरात दीड पान कधी भरलं, कळलंच नाही. बाबा तेवढ्यात पान खायला गेले होते, त्यामुळे साफ नक्कल व्हायची राहिली आणि अर्ज तसाच साहेबांपुढे गेला.

चार दिवसांनी साहेबांचा कारकून स्वतः आमच्या निंबाखाली आला. म्हणाला, अर्ज वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी तो घरी नेऊन बाईसाहेबांनाही वाचून दाखवला, त्यादेखील रडल्या. करुण लेखक म्हणून आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव पावती! म्हैस मात्र सापडली नाही, कारण ती काळी की भुरी, शिंगं केवढी आणि चोरीला कुठून गेली, हे अर्जात लिहायचंच राहून गेलं होतं.